न्यायदानातील दिरंगाई व न्यायाधीशांची वानवा

तालुक्याच्या न्यायालयात सकाळी अकराच्या सुमारास गेल्यास त्या दिवसाचा बोर्ड लावलेला दिसतो. बोर्डावरील प्रकरणांची संख्या आणि न्यायाधीशांच्या हाती असलेले पाच-साडेपाच तास यांचा हिशेब मांडला, तर एकेका प्रकरणाच्या वाट्याला किती मिनिटे येतात हे सहज ध्यानात येईल. पुकारा होतो, पक्षकार पुढे येतो आणि पुढची तारीख घेऊन एस.टी. गाठतो. आमच्या घरचा वाटणीचा दावा आजोबांनी दाखल केला होता. आता त्यात वारस म्हणून वडिलांचे नाव लागले आहे.

ही तक्रार जुनीच आहे. मोतीलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने 1958 सालीच आपल्या चौदाव्या अहवालात विलंबाची दखल घेतली होती. परंतु न्यायाधीश किती असावेत याचा आकडा ठामपणे मांडला तो 1987 सालच्या एकशेविसाव्या अहवालाने. त्या वेळी दर दहा लाख लोकांमागे न्यायाधीशांचे प्रमाण 10.5 होते. ते पाच वर्षांत 50 वर न्यावे, अशी न्या. डी. ए. देसाई यांच्या आयोगाची शिफारस होती. सर्वोच्च न्यायालयाने 2002 साली अखिल भारतीय न्यायाधीश संघाच्या प्रकरणात हेच उद्दिष्ट सरकारपुढे ठेवले. आज 2011 च्या जनगणनेवर आणि मंजूर पदांवर हिशेब केला तर हे प्रमाण 21 च्या आसपास भरते. मंजूर पदे म्हणजे भरलेली पदे नव्हेत, हे वेगळे सांगायला नको. दुसरीकडे देशभरातील प्रलंबित प्रकरणे पाच कोटींच्या वर गेली आहेत.

मात्र लोकसंख्या हे माप योग्य आहे काय? 2014 सालच्या दोनशेपंचेचाळिसाव्या अहवालाने ते अपुरे ठरवले आणि किती प्रकरणे दाखल होतात व एक न्यायाधीश किती निकालात काढतो, यावरून पदे ठरवावीत असे सुचवले. हिशेब म्हणून हे अधिक पटणारे आहे. तथापि, ज्या भागातील माणूस गरिबीमुळे कोर्टाची पायरीच चढत नाही, तेथे प्रकरणे कमी, म्हणून न्यायाधीशही कमी, असे चक्र त्यातून सुरू होण्याचा धोका आहे.

रिक्त पदाचा परिणाम कसा होतो, हे जवळून पाहण्यासारखे आहे. एका न्यायाधीशांची बदली झाली आणि त्यांच्या जागी कोणी आले नाही, तर शेजारच्या न्यायालयाकडे ‘चार्ज’ जातो. ते न्यायाधीश आपला बोर्ड सांभाळून दुसऱ्या बोर्डावर काय करणार? तातडीचे जामीन व मनाईचे अर्ज ऐकणार, बाकीच्यांना तारीख देणार. साक्षीदार मात्र म्हातारे होत असतात. युक्तिवाद संपून निकाल देण्याआधीच बदली झाली, तर नव्या न्यायाधीशांपुढे तो पुन्हा करावा लागतो. कनिष्ठ न्यायालयांतील भरतीसाठी सर्वोच्च न्यायालयाने 2007 साली वेळापत्रकच घालून दिले, तरी जागा रिकाम्या राहतातच.

सर्व दोष न्यायाधीशांच्या संख्येवर टाकणे मात्र बरोबर नाही. दिवाणी दाव्याच्या सुनावणीत एका पक्षाला तीनपेक्षा जास्त तहकुब्या देऊ नयेत, ही तरतूद 2002 पासून लागू आहे; 2005 साली सर्वोच्च न्यायालयाने अपवादात्मक परिस्थितीपुरती तिला सवलत दिली. अपवाद किती सर्रास झाला आहे, हे कोणताही पक्षकार सांगेल. जमीन ज्याच्या ताब्यात आहे त्याला घाई नसते. उशीर हीच त्याची कमाई असते.

ज्याला वाट पाहणे परवडत नाही, त्याची कथा 1979 सालच्या हुसेनआरा खातून प्रकरणात आहे. बिहारच्या तुरुंगांतील काही कच्चे कैदी, गुन्हा शाबित झाला असता तर जास्तीत जास्त जेवढी शिक्षा झाली असती, त्याहून अधिक काळ खटल्याविना कोंडून होते. अॅड. कपिला हिंगोरानी यांनी ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात नेले. अशा कैद्यांना सोडण्याचे आदेश झाले, आणि सत्वर खटला चालणे हा घटनेच्या 21 व्या कलमातील हक्क होय, असे न्या. पी. एन. भगवती यांनी स्पष्ट केले. त्यानंतर त्रेचाळीस वर्षांनी, 2022 च्या अखेरीस, देशातील तुरुंगांत असलेल्या दर चार कैद्यांपैकी सुमारे तिघे कच्चे कैदीच होते.