‘या हो ताई’ म्हणजे बुकिंग नव्हे

आमच्या नात्यात अजून बोललं जातं की मी बुकिंग न करता म्हाताऱ्या माणसाला घेऊन गणपतीपुळ्याला निघाले. ते खरं नाही. मी फोन केला होता, एकदा नाही, दोनदा. शुक्रवारी रात्री तिथल्या एका निवासाचे मालक स्वतः म्हणाले, “या हो ताई, खोली आहे. तळमजल्यावरची देतो, अठराशे.” मी विचारलं, आगाऊ किती पाठवू? “कशाला? तुम्ही या तर!” शनिवारी दुपारी चिपळूणहून पुन्हा लावला. “हो हो, ठेवलीय.” याला बुकिंग म्हणायचं नाही तर काय म्हणायचं, असं मला तेव्हा वाटत होतं.

तारीख होती २३ डिसेंबर २०२३. नाताळ सोमवारी आला होता, म्हणजे सलग तीन दिवस सुट्टी. पुण्यातून पहाटे निघूनही खंबाटकीत अडकलो, कुंभार्लीत ट्रकांमागे रांगलो, संगमेश्वरच्या पुढे चौपदरीकरणाच्या कामाने उरलासुरला वेळ खाल्ला. पाचला पोचायचे ते साडेसातला पोचलो. अंगणात तीन गाड्या आधीच उभ्या होत्या.

मालकांनी माझ्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. “तुमचं नाव कुठे लिहिलेलं नाही, मॅडम.” रात्री फोनवर ताई होते, दारात आल्यावर मॅडम झाले. मी फोनमधले दोन्ही कॉल दाखवले. “कुणीतरी पोराने उचलला असेल.” आवाज तर यांचाच होता! बोलता बोलता त्यांचा हात रजिस्टरवर होता, तो कुणीतरी हाक मारली म्हणून बाजूला झाला, आणि मला पान उलटं दिसलं. तीन नंबरच्या खोलीसमोर पेन्सिलीने लिहिलेलं खोडरबरने पुसलेलं होतं. कागद तेवढाच मळकट झाला होता, आणि माझ्या आडनावातलं पहिलं अक्षर अजून पुसट उरलं होतं. त्यावर निळ्या बॉलपेनने दुसऱ्याचं नाव आणि पुढे ‘अॅडव्हान्स २०००’.

मी बोट ठेवलं. त्यांनी रजिस्टर मिटलं. “सीझन आहे, मॅडम. ते चार हजार देतायत.” एवढंच. खुर्ची नाही, पाणी नाही. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, वय ७४, दोन्ही गुडघे दुखरे, गाडीचं दार उघडून पाय बाहेर सोडून बसल्या होत्या. ते मालकांना दिसत होतं. खोली नव्हती तर चिपळूणहून फोन केला तेव्हा सांगायचं होतं, आम्ही तिथेच राहिलो असतो. मला राग खोली गेल्याचा नाही, याचा आहे.

पुढचे दोन तास सांगण्यासारखे नाहीत. एमटीडीसीचं निवास अशा सुट्टीत आधीच भरलेलं असतं. मालगुंडपर्यंत ‘घरगुती राहण्याची सोय’ अशी पाटी दिसेल तिथे उतरलो, नऊ ठिकाणी नकार. शेवटी एका खानावळीतल्या बाईंनी कळवळून सांगितलं, “इथे फिरू नका, सरळ रत्नागिरी गाठा.” आरे-वारेच्या रस्त्याने काळोखात गेलो आणि एसटी स्टँडजवळ एका साध्या लॉजमध्ये बाराशेला खोली मिळाली. तिथला मॅनेजर म्हणाला, आमच्याकडे कंपन्यांचे फिरते विक्रेते उतरतात, ते शनिवारी घरी जातात, म्हणून शनिवार-रविवारी खोल्या मोकळ्या. हे लक्षात ठेवा. समुद्रावर सगळं भरलेलं असलं तरी जवळच्या जिल्ह्याच्या गावात स्टँडजवळ आधी विचारा. पण ती खोली दुसऱ्या मजल्यावर होती, लिफ्ट नव्हती, आणि आत कमोडही नव्हता. ती रात्र आईंनी कशी काढली ते मी पाहिलंय.

म्हणून सांगते. मालक ‘आगाऊ नको’ म्हणाला तर त्याला भला माणूस समजू नका. पैसे घेतले नाहीत म्हणजे खोली अजून त्याच्या हातात मोकळी आहे. निम्मी रक्कम पाठवा आणि व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या: नाव, तारीख, खोली कितवी, कोणता मजला, भाडं किती, जादा गादीचे किती, कमोड आहे का, उशीर झाला तर किती वाजेपर्यंत ठेवणार. शेवटचा प्रश्न मी विचारला नव्हता.

पैसे पाठवतानाही डोळे उघडे ठेवा. देवस्थानांच्या भक्तनिवासांच्या नावाने खोट्या वेबसाइट काढून लोकांना लुबाडतात. भलत्याच व्यक्तीच्या नावाचं खातं दिसलं तर थांबा, आधी कार्यालयात फोन करून खात्री करा. फसलातच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवा, जितका उशीर तितके पैसे हातचे गेले.

निघण्याआधी कालनिर्णयावर नजर टाका. सोमवारी-शुक्रवारी सुट्टी आली की कोकण भरलं, आणि गणपतीचं ठिकाण असेल तर अंगारकीही बघा. अंधाराआधी पोचा, ओळखपत्रं सगळ्यांची घ्या, हे तर कुणीही सांगेल. तरुण पोरं असाल तर गाडीतही झोपाल, तुम्हाला माझं काही सांगणं नाही. सोबत म्हातारं माणूस किंवा लहान मूल असेल तर मात्र खोली पक्की झाल्याशिवाय गाडीला किल्ली लावू नका.

रविवारी सकाळी आम्ही परत पुळ्याला जाऊन दर्शन घेतलं. तिथे डोंगरच देव मानतात, प्रदक्षिणा त्या सगळ्या डोंगराला घालायची. आईंचा नवस तोच होता. सुरुवातीच्या कठड्यावर त्या बसल्या, सुजलेल्या गुडघ्यावर हात ठेवून. तेवढ्यात माझा फोन वाजला. कालचे मालक. “ताई, एक खोली रिकामी झालीय, साडेचार हजारात देतो, येताय का?” मी काही न बोलता फोन ठेवला. आई म्हणाल्या, “तू जाऊन ये गं, माझ्या नावाने.” मी एकटीने प्रदक्षिणा घातली.