धुराविना चूल

पहाटेच्या अंधुक प्रकाशात खेड्यातील घरांवर निळसर धुराचा थर तरंगताना दिसतो. दुरून पाहणाऱ्यास तो मोठा रमणीय वाटतो. परंतु त्या धुराच्या उगमापाशी फुंकणी घेऊन बसलेल्या गृहिणीस विचारावे! तिचे डोळे चुरचुरत असतात, घसा कोंडलेला असतो आणि जवळ बसलेले मूल खोकत असते. डोळे पुसावे आणि पुन्हा भाकरी थापावी, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला.

धूर म्हणजे तरी काय? धूर म्हणजे अर्धवट जळलेले सरपण होय. लाकूड तापले म्हणजे त्यातून ज्वालाग्राही वायू निघतात. त्यांना पुरेशी हवा व उष्णता मिळाली, तर त्यांची ज्योत होते. न मिळाली, तर तेच वायू काजळीच्या कणांसह घरभर पसरतात. म्हणजे रानातून डोक्यावर वाहून आणलेल्या मोळीचा काही अंश चुलीत न जळता माणसांच्या फुफ्फुसांत जातो! तीन दगडांच्या उघड्या चुलीत उष्णतेचीही अशीच उधळपट्टी होते. तिचा सुमारे दहावा हिस्साच भांड्यास लागतो. बाकीची वाऱ्याला, भिंतीला आणि स्वयंपाक करणारीच्या चेहऱ्याला.

महात्मा गांधींच्या प्रेरणेने १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. वर्ध्याची मगनवाडी हे त्याचे केंद्र. तेथे १९४७ च्या सुमारास ‘मगन चूल’ तयार झाली. ती मातीचीच होती. नवी होती ती रचना. एकाच जाळाच्या ज्वाला पहिल्या भांड्याखालून पुढील भांड्याखाली जात आणि उरलेला धूर धुराड्यातून छपराबाहेर पडे. तापलेली हवा हलकी होऊन वर चढते व तिच्या मागोमाग बाहेरची हवा चुलीच्या मुखातून आत ओढली जाते. फुंकणीचे काम अशा रीतीने धुराडेच करते.

पुढे १९८० नंतर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी ‘अस्त्र ओले’ ही तीन भांड्यांची चूल सिद्ध केली. ‘ओले’ हा कानडी शब्द. त्याचा अर्थ चूल असाच आहे. सरपणाखाली जाळी बसवून त्यांनी निखाऱ्यांना खालून हवा दिली.

भारत सरकारने १९८३ ते २००२ या काळात सुधारलेल्या चुलींचा कार्यक्रम राबवून तीन कोटींहून अधिक चुली घरोघर बसविल्या. तथापि त्यांतील पुष्कळ चुली लवकरच अडगळीत गेल्या. कोठे धुराडे काजळीने तुंबले आणि ते कोणी साफ केले नाही. कोठे बांधणाऱ्याने मापे चुकविली. भांडे व चुलीची भिंत यांतील फट थोडी वाढली तरी ऊब निसटून जाते, आणि फारच कमी झाली तर जाळ कोंडतो. शिवाय स्वयंपाकघराची गरज बाईला आधी विचारली होती कोणी? भाकरी तव्यावरून उतरली म्हणजे चुलीच्या तोंडाशी, निखाऱ्यांसमोर उभी करून फुगवावी लागते. तोंड अरुंद केल्यास सरपण वाचते खरे. पण मग भाकरी शेकावी कोठे?

२०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेमुळे खेडोपाडी गॅस पोहोचला. तरीही अनेक घरांत चहा तेवढा गॅसवर होतो. भाकरी आणि अंघोळीचे पाणी अद्याप चुलीवरच.