किसुमूला जाताना बॅगेत काय असावे?

प्रश्न : मुलगी केनियातल्या किसुमूला एका शाळेत सहा महिने स्वयंसेवक म्हणून निघाली आहे. बरोबर काय द्यावे? – एक वाचक, नाशिक

उत्तर : घरची तयारी लाडू-चिवड्यापासून सुरू होते, ती मच्छरदाणीपासून व्हावी. व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या या भागात मलेरिया वर्षभर असतो. कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी आणि डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या प्रतिबंधक गोळ्या यांत काटकसर नकोच. पीतज्वराची लस निघण्याच्या किमान १० दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्यावी. तिचे प्रमाणपत्र जपून ठेवावे, कारण परतताना भारतातही ते मागतात.

विजेचा दाब जवळपास आपल्यासारखाच. फक्त प्लगच्या पिना चौकोनी, तेव्हा साधा अडॅप्टर पुरतो.

खाण्याचे फार ओझे नको. मक्याच्या पिठाची घट्ट उगाली आणि पालेभाजी रोजची, आणि चपाती तर तिथल्या लोकांनी केव्हाच आपलीशी केली आहे. मेतकूट, गोडा मसाला, थोडे लोणचे एवढे पुरे, पण बरणीत. २०१७पासून केनियात प्लास्टिकच्या कॅरीबॅगांवर कडक बंदी आहे. सामानासाठी कापडी पिशव्याच घ्याव्यात.

आणि एक स्वेटर हाताशी ठेवावा. वाटेत लागणारे नैरोबी सुमारे १,७०० मीटर उंचीवर आहे, जुलैत तिथे चांगलाच गारठा असतो.