किल्ली कुणाच्या खिशात?

भाच्या, आयटीआयत तुला बेअरिंग बसवायला शिकवलं, शाफ्ट लेव्हलला आणायला शिकवलं. ते तुला येतं. मी सांगतोय ते त्याच्या आधीचं आहे: मशिनला हात कधी लावायचा.

क्रशर चालू असताना नुसत्या आवाजानेच माणूस चार हात लांब राहतो. हातपाय जातात ते जाळी बदलताना, रोलर काढताना, जबड्यात अडकलेला दगड सोडवताना. म्हणजे आपल्या, फिटर लोकांच्या वेळेला.

आधी लाइटचं बघ. लाइट गेली, पट्टा थांबला, की हेल्पर फावडं घेऊन टेल ड्रमखाली शिरतो. साठलेली खडी काढायला आयती वेळ सापडली ना! पण लाइट गेलीय, कुणी बंद केलेली नाही. स्टार्टरमध्ये नो-व्होल्ट कॉइल असते. लाइट गेली की ती सुटते आणि लाइट परत आली तरी मोटार आपोआप उठत नाही. पण सारखं बटण दाबायचा कंटाळा म्हणून काही ठिकाणी ती बांधून टाकतात, नाहीतर ऑटो बसवतात. रात्री उसाला पाणी द्यायला उठायला नको म्हणून शेतावरच्या पंपाला लावतो, तोच ऑटो. शेतात त्याने फार तर पाणी वाया जाईल. इथे ड्रममध्ये माणसाचा हात असतो. नव्या खाणीवर गेलास की पहिल्याच दिवशी वायरमनला सोबत घेऊन सगळे स्टार्टर उघडून बघ.

मग कुलूप. ऑपरेटरला खालून 'बंद ठेव रे' म्हणून ओरडणं हा बंदोबस्त नाही. इमर्जन्सीचं लाल बटणही नाही, ते कुणीही फिरवून सोडवतं. आयसोलेटर पाडायचा, त्याला स्वतःचं कुलूप लावायचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. तिघं आत उतरणार असतील तर कुलुपं तीन. त्यासाठी भोकांचा हॅस्प बाजारात मिळतो. पॅनल जुनं असेल, कुलूप बसत नसेल, तर वायरमनकडून तिन्ही फ्यूज काढून घे आणि तेच खिशात टाक. जनरेटर असेल तर तिकडची लाइनही तोड. वरून माल टाकणारा आधीचा पट्टा राहिला नाही ना, तेही बघ. एवढं झालं की स्टार्टचं बटण दाबून बघायचं. मोटार उठली नाही, तरच आत जायचं.

मालकाचा फोन येणार. बाहेर टिपरची रांग लागलेली असते, 'पाच मिनिटांचं काम, कशाला एवढं?' असं ऐकावं लागणार. भांडू नकोस. किल्ली माझ्याकडे आहे, मी बाहेर आल्यावर सुरू होईल, एवढंच सांग.

वीज तोडली म्हणजे सगळं निवलं असं मात्र नाही, आणि शिकलेली पोरंही नेमकी इथेच फसतात. मोठ्या जॉ क्रशरची फ्लायव्हील टनावारी वजनाची, बटण दाबल्यावरही बराच वेळ फिरत राहतात. थांबली तरी शाफ्ट एक्सेंट्रिक. व्ही-बेल्ट काढले किंवा अडकलेला दगड निघाला, की जड बाजू खाली यायला चाक गपकन फिरतं. त्याला आधी लाकडी पाचर मार. टॉगल प्लेट काढायची असेल तर हलता जबडा साखळीने बांधून घे, नाहीतर तो झुलतो. चढावरचा भरलेला पट्टाही थांबल्यावर मागे घसरू शकतो.

जबड्याच्या प्लेटा मँगनीज स्टीलच्या. आपला काळा पाषाण फोडून फोडून त्या वरून आणखी कडक होतात. त्यांच्यावर घण घातला की लोखंडाची कपची सुटते आणि ती थेट डोळ्याकडे येते. चष्मा लाव, आणि शेजारी धरून उभा असेल त्यालाही लावायला लाव. कपची डोळ्यात गेलीच तर डोळा चोळायचा नाही, झाकून दवाखाना गाठायचा.

पोकलेनचं काम निघालं तर बकेट जमिनीला टेकव, इंजिन बंद कर, मग लिव्हर मागेपुढे हलवून पाइपातला दाब सोड. कुठे गळतंय ते बोट फिरवून शोधू नकोस, पुठ्ठा धर. तीनशे किलोच्या वर दाब असतो, बारीक भोकातून तेल कातडीत घुसतं. दिसायला सुई टोचल्याएवढं, पण आतून बोट सडतं. हळद लावून घरी जायची ही जखम नाही, त्याच दिवशी सर्जनला दाखवायची. टिपरची बॉडी उचललेली असेल तर टेकू लावल्याशिवाय खाली वाकू नकोस, बॉडीही रिकामीच हवी. जोडटायर खोलताना नट ढिले करायच्या आधी दोन्ही टायरची हवा पूर्ण काढ. हवा भरताना रिंगच्या समोर थांबू नकोस. टायर चढवलेल्या डिस्कला वेल्डिंग तर कधीच नाही, कोणी कितीही म्हणू दे.

ग्रीसिंगसाठी गार्ड काढतात आणि तो परत बसत नाही, भिंतीला टेकून गंजत पडतो. ग्रीसच्या निपलला तांब्याची नळी जोडून ती गार्डच्या बाहेर काढ. अर्ध्या दिवसाचं काम आहे, पण मग गार्ड काढायचं कारणच उरत नाही. पट्टा सेकंदाला दीड मीटर धावला तर बोट सापडल्यापासून खांदा ड्रमपाशी यायला अर्धा सेकंद पुरतो. ओरडायलाही वेळ मिळत नाही. गमछा, कडं, सैल बाही तिथे नको. फिरत्या ड्रमपाशी हातमोजेही नकोत, तेच आधी ओढले जातात.

तरीही कोणी सापडलाच तर मोटार उलटी फिरवून हात काढायला जाऊ नका. मेन पाडा, पट्ट्याचे ताणबोल्ट ढिले करा, १०८ला फोन लावा. तुटलेलं बोट स्वच्छ ओल्या कपड्यात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फात ठेवा. बोट थेट बर्फाला लागू द्यायचं नाही.

आणि दवाखान्यात कोणीतरी पुढे होऊन 'घरी पडला' असं लिहायला सांगेल, खर्च आम्ही करतो म्हणेल. बिहार-ओडिशाकडून आलेली पोरं ऐकतात बिचारी. तू ऐकू नकोस आणि त्यांनाही ऐकू देऊ नकोस. खडीची खाण कायद्याने खाणच आहे, आणि गंभीर अपघात झाला तर खाण सुरक्षा खात्याला कळवणं मालकाचं काम आहे. केसपेपरवर 'क्रशरवर काम करताना' असं लिहिलं असेल तर पुढे भरपाई मागता येते. लिहून झालं की वाचून घे आणि मोबाइलवर फोटो काढून ठेव.