संस्थानच्या नावाने आलेला ईमेल

प्रश्न : शिर्डीच्या भक्तनिवासातली खोली हवी असेल तर तासाभरात पैसे भरा, असा साईबाबा संस्थानच्या नावाने ईमेल आला. विश्वास ठेवावा का? (एक वाचक, कोपरगाव)

उत्तर : मुळीच नाही. पाठवणाऱ्याचं नाव कुणालाही हवं ते टाकता येतं, म्हणून नावावर टिचकी मारून पूर्ण पत्ता पाहावा. संस्थानची अधिकृत साइट 'साई डॉट ओआरजी डॉट इन'. ती स्वतः टाइप करून बुकिंग तपासावं, ईमेलमधली लिंक दाबू नये.

असा ईमेल बँकेच्या नावाने आला, तर बँकांची ओळख आता सोपी झाली आहे. रिझर्व्ह बँकेने त्यांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' हा पत्ता घ्यायला सांगितलं होतं.

पैसे गेलेच, तर लाजेपायी गप्प बसू नये. ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा. तक्रार लवकर पोहोचली, तर भामट्याच्या खात्यातली रक्कम गोठवता येते.