अंकीय पुरावा आणि बदलत्या संगणकप्रणाली

गुन्ह्याच्या तपासात जप्त झालेला संगणक, मोबाइल किंवा पेनड्राइव्ह हा आज रक्ताच्या डागाइतकाच महत्त्वाचा पुरावा ठरतो. मात्र या दोहोंत एक मूलभूत फरक आहे. रक्ताचा डाग डोळ्यांना दिसतो. अंकीय पुरावा वाचण्यासाठी मात्र विशिष्ट सॉफ्टवेअर लागते आणि ते चालण्यासाठी ऑपरेटिंग सिस्टीम लागते. ही सिस्टीम दर काही वर्षांनी बदलते, तर खटला अनेकदा त्याहून अधिक काळ चालतो. तपासाच्या वेळी वापरलेले सॉफ्टवेअर पुढे चालेल काय आणि चालले तरी त्याच्या निष्कर्षांवर विसंबता येईल काय, हा प्रश्न म्हणूनच केवळ तांत्रिक नाही. त्याचा संबंध थेट न्यायाशी आहे.

कायद्याची चौकट

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये भारतीय पुरावा अधिनियमात कलम ६५-ब समाविष्ट झाले आणि इलेक्ट्रॉनिक अभिलेखाला पुरावा म्हणून स्थान मिळाले. मूळ उपकरण न्यायालयात सादर होत नसेल, तर या कलमाखालील प्रमाणपत्र अनिवार्य असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात स्पष्ट केले. जालना विधानसभा मतदारसंघातील निवडणुकीवरून हा वाद उद्भवला होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू झाला असून त्यातील कलम ६३ हा विषय हाताळते. प्रमाणपत्राचे आता दोन भाग आहेत. एक भाग अभिलेख सादर करणारा पक्ष भरतो, तर दुसरा तज्ज्ञ. दोहोंत अभिलेखाचे हॅश मूल्य नोंदवावे लागते.

हॅश मूल्य म्हणजे संपूर्ण माहितीवरून गणिताने काढलेली तिची ओळखखूण होय. माहितीतील एक बिट जरी बदलला, तरी हे मूल्य बदलते. एमडी-५ या जुन्या पद्धतीतील दोष २००४ मध्ये उघड झाला, तर २०१७ मध्ये एसएचए-१ पद्धतीने एकच मूल्य देणाऱ्या दोन भिन्न फायली तयार करून दाखविण्यात आल्या. त्यामुळे एसएचए-२५६ ही पद्धत अधिक सुरक्षित मानली जाते. मात्र हॅश मूल्य जुळणे म्हणजे पुराव्याची प्रत बदललेली नाही एवढेच सिद्ध होणे. त्या प्रतीचे वाचन अचूक झाले की नाही, हे त्यावरून कळत नाही.

जुने सॉफ्टवेअर का अडखळते?

याची प्रमुख कारणे तीन आहेत. पहिले कारण सुरक्षेचे. स्मृतीतील म्हणजेच रॅममधील माहिती टिपणाऱ्या साधनाला सिस्टीमच्या गाभ्यापर्यंत पोचावे लागते आणि त्यासाठी ड्रायव्हर लागतो. २०१६ मधील विंडोज १० च्या आवृत्तीपासून नव्या ड्रायव्हरवर मायक्रोसॉफ्टची अंकीय स्वाक्षरी आवश्यक ठरली. पुढे ‘मेमरी इंटिग्रिटी’ या संरक्षणामुळे अनेक जुने ड्रायव्हर भरलेच जात नाहीत.

दुसरे कारण रचनेचे आहे. ६४-बिट विंडोजवर १६-बिट प्रोग्राम चालत नाहीत आणि विंडोज ११ केवळ ६४-बिट स्वरूपातच उपलब्ध आहे. ॲपलने २०२० पासून आपल्या संगणकांत स्वतःचे प्रोसेसर बसविण्यास सुरुवात केली. सॉफ्टवेअर ज्या भाषेवर उभे असते, तिचेही आयुष्य संपते. रॅमच्या विश्लेषणासाठी प्रसिद्ध असलेले ‘व्होलॅटिलिटी’ हे साधन पायथन-२ वर आधारलेले होते. पायथन-२ चा आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला आणि या साधनाची पुढील आवृत्ती पायथन-३ वर नव्याने लिहावी लागली.

तिसरे कारण पुराव्याच्या बाजूचे आहे. २०१७ मध्ये ॲपलच्या संगणकांत एपीएफएस ही नवी फाइल-रचना आली. तिच्यापूर्वीच्या साधनाला अशा डिस्कवरील फायली ओळखता येत नाहीत. सॉफ्टवेअर बंद पडले तर दोष तत्काळ कळतो. ते अर्धवट वाचून अहवाल देते, तेव्हा दोष लपून राहतो. खरा धोका या दुसऱ्या प्रकारात आहे.

व्हर्च्युअल मशीनचा मार्ग

एका प्रत्यक्ष संगणकात सॉफ्टवेअरच्या साहाय्याने उभा केलेला दुसरा आभासी संगणक म्हणजे व्हर्च्युअल मशीन. त्यात जुनी सिस्टीम आणि तिच्यावर चालणारे साधन जसेच्या तसे जतन करता येते. ‘स्नॅपशॉट’ घेतल्यास प्रत्येक प्रकरणाच्या तपासणीनंतर मूळ स्वच्छ स्थितीकडे परतता येते. घातक प्रोग्रामचे निरीक्षणही प्रत्यक्ष संगणकापासून वेगळे राहून करता येते.

या मार्गाला मर्यादाही आहेत. पेनड्राइव्ह जोडताच यजमान संगणक त्याला आधी स्पर्श करू शकतो आणि त्यातील नोंदी बदलू शकतो. यजमानाचे घड्याळ व्हर्च्युअल मशीनच्या घड्याळावर परिणाम करते. परवान्यासाठी यूएसबी किल्ली लागणारी साधने कधी कधी ही किल्ली ओळखत नाहीत. म्हणून मूळ डिस्कची प्रत ‘राइट ब्लॉकर’ लावून प्रत्यक्ष संगणकावर घ्यावी आणि विश्लेषण त्या प्रतीवर व्हर्च्युअल मशीनमध्ये करावे, ही विभागणी अधिक सुरक्षित ठरते. जुन्या सिस्टीमला सुरक्षेच्या सुधारणा मिळत नसल्याने असे मशीन इंटरनेटपासून दूर ठेवणेही आवश्यक आहे. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्याने ही दक्षता आता तिलाही लागू होते.

पडताळणीचे महत्त्व

नव्या सिस्टीमवर साधन सुरू झाले म्हणजे ते विश्वसनीय झाले, असे नव्हे. ज्यातील मजकूर आधीच ज्ञात आहे अशी चाचणी-प्रत त्याला द्यावी आणि अपेक्षित फायली, पुसलेल्या नोंदी व वेळा बरोबर मिळतात काय, हे पाहावे. अमेरिकेतील राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्था अशा साधनांची चाचणी घेऊन अहवाल प्रसिद्ध करते. महत्त्वाचा निष्कर्ष दुसऱ्या स्वतंत्र साधनाने तपासणे इष्ट असते. भारतात सी-डॅकच्या तिरुवनंतपुरम केंद्राने ‘सायबरचेक’ विकसित केले आहे. ‘ऑटोप्सी’सारखे मुक्तस्रोत साधनही उपलब्ध आहे. साधनाची व सिस्टीमची आवृत्ती, व्हर्च्युअल मशीनची रचना आणि हॅश मूल्ये यांची नोंद अहवालात असल्यास दुसरा तज्ज्ञ तीच तपासणी पुन्हा करू शकतो.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) मध्ये सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी भेट देण्याची तरतूद आहे. साहजिकच प्रयोगशाळांकडे येणारा अंकीय पुरावा वाढणार आहे. गांधीनगर येथे मुख्यालय असलेले राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ २०२० मध्ये स्थापन झाले ते या क्षेत्रातील मनुष्यबळाची गरज ओळखूनच. मनुष्यबळाबरोबरच पुराव्याची प्रत आणि ती वाचणारी सिस्टीम, दोन्ही निकालापर्यंत जपण्याची शिस्तही रुजायला हवी. दहा वर्षांनंतर अपिलात तोच पुरावा पुन्हा उघडता आला नाही, तर फिर्यादीला न्याय मिळणे जितके कठीण होईल, तितकेच निरपराध आरोपीला स्वतःचा बचाव करणेही कठीण होईल.