पाटीवर ‘मानसतज्ज्ञ’, पण नोंदणी आहे का?

समजा, बारावीतल्या एका मुलीची झोप उडाली आहे. जेवण कमी झाले, ती एकटीच बसून राहते. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आहेत. तेवढ्यात कोणीतरी सांगते, “स्टँडजवळ एक मानसतज्ज्ञ बसतात, नुसते बोलून बरे करतात.” हे गृहस्थ दहा बैठकांचे पैसे आगाऊ घेतात आणि “गोळ्या बंद करा, सवय लागेल,” असे सांगतात. महिन्याभरात मुलगी जीव नकोसा झाल्याचे बोलू लागते. गेलेले पैसे एक वेळ परत मिळतील, गेलेला वेळ मिळत नाही. म्हणून विषय कायद्याचा असला तरी आज या सदरात घेत आहोत.

कोण कोण असते?

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एम.बी.बी.एस. नंतर मनोविकारशास्त्राचे शिक्षण घेतलेले डॉक्टर. मनोविकारावर औषधे लिहून देणे हे त्यांचे काम. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ हे डॉक्टर नसतात. ते मानसिक चाचण्या घेतात, संभाषणातून उपचार करतात. औषधे देत नाहीत. त्यांच्याकडे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाने, म्हणजेच भारतीय पुनर्वास परिषदेने, मान्य केलेले प्रशिक्षण असावे लागते. नुसती मानसशास्त्राची बी.ए. किंवा एम.ए. पदवी त्यासाठी पुरत नाही. समुपदेशक अडचणीत धीर देतात, मार्ग दाखवतात. हे कामही मोलाचे आहे, परंतु रोगाचे निदान करणे हे त्यांचे काम नव्हे.

कायदा काय सांगतो?

१९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्यात चिकित्सा मानसशास्त्रज्ञांचा समावेश आहे. मान्य पात्रता आणि परिषदेच्या केंद्रीय नोंदपुस्तकात नाव नसताना असा व्यवसाय केल्यास, कलम १३ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. अशा व्यक्तीला प्रमाणपत्रावर सही करण्याचाही अधिकार नाही.

दंडाची रक्कम वाचून हसू येईल. शिवाय परिषदेने अधिकार दिलेल्या व्यक्तीची लेखी तक्रार असल्याशिवाय न्यायालय या गुन्ह्याची दखल घेत नाही. म्हणून इतर कायदेही माहीत हवेत.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली झाला. मनोरुग्णांना ठेवून घेणारे केंद्र नोंदणीशिवाय चालवल्यास पहिल्या वेळी पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड आहे. गुन्हा पुन्हा पुन्हा केल्यास तो पाच लाखांपर्यंत जातो. दारू व अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक विकारही या कायद्यात येतात, हे व्यसनमुक्ती केंद्र निवडताना ध्यानात ठेवावे.

नोंदणी नसलेल्याने डॉक्टर म्हणून औषधे दिल्यास २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याखाली एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. खोटी ओळख सांगून फसवणूक केली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१९ खाली पाच वर्षांपर्यंत कैद आहे. यासाठी पोलीस ठाण्यात तक्रार देता येते. भूत उतरवण्याच्या नावाखाली रुग्णाला बांधणे, मारणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा असून त्यास सहा महिने ते सात वर्षे कैदेची तरतूद आहे.

एक पळवाट मात्र लक्षात घ्यावी. ‘समुपदेशक’ अशी साधी पाटी लावणाऱ्याला १९९२ च्या कायद्यात पकडणे अवघड जाते. २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय कायद्यात इतर मानसशास्त्रज्ञ आणि आरोग्य समुपदेशकांच्या नोंदणीचीही तरतूद केली आहे. तरीही पहिली खबरदारी आपणच घ्यायची.

आपण काय करावे?

१) पहिल्याच भेटीत शिक्षण आणि नोंदणी क्रमांक विचारा. विचारण्यात अपमान नाही. खरा तज्ज्ञ आनंदाने दाखवतो.

२) डॉक्टरांना न विचारता गोळ्या बंद करायला सांगणाऱ्यापासून दूर राहा. औषध एकदम तोडल्याने आजार उलटू शकतो.

३) “शंभर टक्के बरे करतो” अशी हमी आणि सर्व पैसे आगाऊ मागणे, ही धोक्याची खूण समजा.

४) पावती, चिठ्ठी, चाचणीचा कागद जपून ठेवा. तक्रार करताना तोच पुरावा.

५) जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात चौकशी करा. ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत सल्ला मिळतो.

घरातील कोणी मरणाची भाषा बोलत असेल तर “नाटक करते” म्हणून सोडून देऊ नका. तिला एकटे ठेवू नका, त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

वाचकहो, सोने घेताना आपण हॉलमार्क पाहतो, बियाणे घेताना पिशवीवरचे लेबल वाचतो. मग आपल्या माणसाचे मन ज्याच्या हाती सोपवायचे, त्याची नोंदणी विचारायला संकोच कशाला?